सोने शुद्ध होते. हिणकस कुठे जाते?

लग्नसराई जवळ आली की दादरच्या रानडे रोडवर सराफांच्या पेढ्यांत एक ठरलेले दृश्य दिसते. आई आणि मुलगी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. आईच्या पर्समधून रुमालात बांधलेली जुनी पाटली, तुटलेली साखळी, जोडीतले एकच उरलेले कानातले बाहेर येते. काउंटरमागचा माणूस ते तोलतो, एका लहानशा यंत्रात ठेवतो, पडद्यावर आकडे उमटतात. मग घासाघीस सुरू होते ती एकाच प्रश्नावर: घट किती धरणार? घट म्हणजे वजनातून वजा होणारा भाग. त्यात तांबे, चांदी, डाक, वर्षानुवर्षांचा मळ, सगळे आले. हिशोब पटला की जुना डाग आत जातो आणि नवा डाग डबीत बसून बाहेर येतो.

आपला संबंध तिथे संपतो, पण पाटलीचा प्रवास तिथूनच पुढे सुरू होतो. ती बहुधा झवेरी बाजार, काळबादेवी, भुलेश्वर या भागातल्या एखाद्या खोलीत पोहोचते. तिथे ती वितळवली जाते, आम्लात उकळली जाते आणि शेवटी चोवीस कॅरेटची लगडी होऊन पुन्हा बाजारात येते. मी धातुशास्त्रज्ञ नाही. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात आयुष्य गेलेला डॉक्टर आहे. पण धातू शुद्ध करणाऱ्या हातांशी आमची गाठ पडते, आणि ती नेमकी वेळ टळत आल्यावर पडते. म्हणून आज त्या पाटलीच्या मागोमाग जाऊ या आणि पाहू या, की ‘घट’ म्हणून आपण जे वजा करतो ते नक्की जाते कुठे.

सोने मुद्दामच अशुद्ध करतात

शुद्ध सोने फार मऊ असते. त्याची बांगडी केली तर ती रोजच्या वापरात वाकते, झिजते, खडा धरून ठेवत नाही. म्हणून त्यात तांबे आणि चांदी मिसळून त्याला कठीणपणा आणतात. चोवीस भागांपैकी बावीस भाग सोने असेल तर ते बावीस कॅरेट, म्हणजे ९१.६ टक्के. हॉलमार्कवरचा ९१६ हा आकडा तिथून येतो. अठरा कॅरेटचा आकडा ७५०. भारतात १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून सहा खुणांचा स्वतंत्र क्रमांक असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही.

याशिवाय दागिन्यात आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे डाक. साखळीची प्रत्येक कडी, झुमक्याचा प्रत्येक मणी ज्याने जोडतात तो मिश्रधातू. तो सोन्याआधी वितळला पाहिजे, तरच सांधा बसतो आणि दागिना शाबूत राहतो. त्यासाठी डाकात तांबे, चांदी, जस्त आणि कधी कधी कॅडमियम घालतात. या कॅडमियमकडे आपण पुढे परत येणार आहोत.

म्हणजे आईची पाटली हे चार-पाच धातूंचे कुटुंब असते. नवा दागिना घडवायचा तर सोनाराला आधी त्यातले सोने वेगळे काढून घ्यावे लागते. किती तांबे, किती चांदी हे नक्की ठाऊक नसेल तर पुढचा ९१६ जमणार कसा?

विस्तव काय करतो आणि काय करत नाही

पुष्कळांची समजूत असते की सोने तापवले की शुद्ध होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६२ अंशांना आणि तांबे १०८५ अंशांना. तिघेही एकाच मुशीत एकमेकांत साखरेसारखे मिसळून जातात. नुसत्या आचेने ते वेगळे होत नाहीत.

आच काढते ते वेगळेच. मेण, तेल, साबण जळून जातात. जस्त आणि कॅडमियम कमी तापमानाला उकळतात, जस्त ९०७ अंशांना आणि कॅडमियम तर ७६७ अंशांनाच, त्यामुळे सोने वितळेपर्यंत त्यांचा बराच भाग धूर होऊन निघून गेलेला असतो. मुशीत टाकणखार घातला की काही धातूंची भस्मे त्यात विरघळतात आणि काचेसारखा थर होऊन वर तरंगतात. सोनार तो थर बाजूला काढतो. पोलादाच्या भट्टीत चुनखडी हेच काम करते, फक्त टनांच्या हिशोबात.

सगळ्या धातूंच्या शुद्धीकरणाचे तत्त्व एकच आहे. दोन पदार्थ ज्या बाबतीत वेगळे वागतात ती बाब शोधायची आणि तिथे त्यांची फारकत करायची. कुणी लवकर वितळतो, कुणी लवकर उडून जातो, कुणाला ऑक्सिजन चिकटतो, कुणी आम्लात विरघळतो. सोन्याचा स्वभाव असा की ते सहसा कुणाच्या नादी लागत नाही. हवेत ठेवा, पाण्यात ठेवा, नायट्रिक आम्लात बुडवा, ते तसेच राहते. सोनाराचा कसोटीचा दगड याच स्वभावावर चालतो. दगडावर सोन्याची रेघ ओढायची आणि तिच्यावर आम्लाचा थेंब सोडायचा. हिणकस विरते, सोने उरते. ‘कसाला लागणे’ हा वाक्प्रचार आपण माणसांसाठी वापरतो, तो मूळचा या दगडावरचा.

एकास तीन

कसोटीच्या दगडावर थेंबभर आम्लाने जे होते तेच गलाईच्या खोलीत भांडेभर आम्लाने करतात. पण त्यात एक अडचण आहे. बावीस कॅरेटची पाटली तशीच नायट्रिक आम्लात टाकली तर फारसे काही होत नाही. सोन्याचे प्रमाण इतके जास्त असते की आतले तांबे आणि चांदी सोन्याच्या कणांआड लपून बसतात. आम्ल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

यावरची युक्ती शतकानुशतके जुनी आहे आणि ऐकायला विचित्र वाटते: शुद्ध करण्यासाठी सोने आधी आणखी अशुद्ध करायचे! त्यात चांदी किंवा तांबे इतके मिसळायचे की सोने एक भाग आणि बाकीचे तीन भाग व्हावेत. मग ते वितळवून पाण्यात ओततात, म्हणजे त्याचे दाणे होतात, किंवा ठोकून पातळ पत्रा करतात. आता आम्ल आतपर्यंत शिरते. चांदी आणि तांबे विरघळून द्रावण निळे-हिरवे होते आणि तळाशी राहते एक तपकिरी भुकटी. तिच्याकडे पाहून कुणी तिला सोने म्हणणार नाही. ती पाण्याने वारंवार धुतात, वाळवतात, पुन्हा मुशीत वितळवतात, आणि मग ओळखीचा पिवळा रंग उजळतो.

विरघळलेली चांदी वाया जात नाही. त्या निळ्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबे विरघळते आणि चांदी करड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. ती गोळा करून पुढच्या खेपेला पुन्हा वापरतात. हॉलमार्किंग केंद्रांत दागिन्याच्या कपच्याची पक्की तपासणी करतात तीही याच मार्गाने. कपचा शिशाच्या पत्र्यात चांदीसह गुंडाळून तापवतात, शिसे हलक्या धातूंना घेऊन सच्छिद्र वाटीत जिरते, उरलेली चांदी आम्लाने काढतात आणि शेवटी राहिलेल्या सोन्याचे वजन करतात.

खानापूर ते झवेरी बाजार

हे काम करणारी माणसे कोण? त्यांतला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा आहे, हे दादरच्या फार थोड्या ग्राहकांना ठाऊक असते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून आणि शेजारच्या साताऱ्यातल्या माण-खटावमधून कित्येक पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडल्या. पाऊस नाही, शेती पिकत नाही, तेव्हा मूस आणि भाता घेऊन हे लोक देशभर गेले. आज केरळपासून पंजाबपर्यंत जिथे सराफ बाजार आहे तिथे विट्याच्या आसपासचा मराठी बोलणारा गलाईवाला भेटण्याची शक्यता असते. दिवाळीला किंवा गावच्या जत्रेला ही मंडळी गावी परततात.

मुंबईत त्यांच्या जोडीला बंगालमधून आलेले कारागीर आहेत. अनेकांचे काम, जेवण आणि झोप एकाच खोलीत किंवा तिच्या पोटमाळ्यावर होते. जुन्या इमारती, अरुंद जिने, एखादी खिडकी, असलाच तर एक एक्झॉस्ट पंखा. दिवस वितळवण्यात जातो आणि आम्लाचे काम पुष्कळदा संध्याकाळी उशिरा निघते. वेळ ध्यानात ठेवा, कारण आमचा भाग तिथून सुरू होतो.

तपकिरी धूर

नायट्रिक आम्ल चांदी-तांबे विरघळवते तेव्हा भांड्यातून लालसर तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. किती निघतो, याचा हिशोब अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राने करता येतो. शंभर ग्रॅम बावीस कॅरेट सोने शुद्ध करायचे तर एकास तीन या प्रमाणासाठी त्यात सुमारे २६५ ग्रॅम चांदी मिसळावी लागते. एवढी चांदी तीव्र नायट्रिक आम्लात विरघळली की अंदाजे ६० लिटर वायू तयार होतो. आम्ल पातळ असेल तर कमी निघतो, पण निघतोच.

आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात सुमारे २८ हजार लिटर हवा मावते. त्यात हे ६० लिटर कोंडले गेले, तर हवेच्या दर दहा लाख भागांत दोन हजारांहून जास्त भाग हा वायू होतो. जीवाला धोका व्हायला दहा लाखांत वीस-पंचवीस भागसुद्धा चिंतेचे असतात. प्रत्यक्षात खिडकी उघडी असते, पंखा चालू असतो, काम थोडे थोडे करतात, म्हणून रोज अनर्थ होत नाही. पण एखाद्या दिवशी पंखा बंद पडतो, वीज जाते, भांडे उकळून सांडते किंवा घाई म्हणून आम्ल एकदम ओतले जाते.

बरे वाटण्याचे सहा तास

अमोनिया किंवा तत्सम वायू नाकात गेला की माणूस क्षणभरही थांबत नाही. डोळ्यांत पाणी येते, घसा जळतो, तो पळतो. हे वायू पाण्यात चटकन विरघळतात, म्हणून नाक-घशाच्या ओलाव्यातच अडकतात आणि तिथेच बोंब मारतात. तो त्रास म्हणजे शरीराची राखण असते.

नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात सावकाश विरघळतो. नाक आणि घसा तो जवळजवळ गुपचूप ओलांडतो आणि थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतो. तिथल्या ओलाव्यात त्याचे पुन्हा आम्ल होते. वायुकोशाची भिंत अतिशय पातळ असते. एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त. ती भिंत हळूहळू भाजत जाते, गळू लागते आणि रक्तातले पाणी हवेच्या जागेत झिरपते.

याला वेळ लागतो. म्हणून या विषबाधेची गोष्ट जवळजवळ ठरलेली असते. संध्याकाळी धूर कोंडला. थोडा खोकला आला, डोकं जड झालं, छातीत किंचित आवळल्यासारखं वाटलं. बाहेर जाऊन मोकळी हवा घेतली, बरं वाटलं. कुणीतरी गूळ दिला, कुणी दूध दिले. जेवण झाले, माणूस झोपला. मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे त्याला दम लागून जाग येते. आडवे पडवत नाही, खोकल्यातून फेस येतो, ओठ निळे पडतात. मग टॅक्सी आणि रुग्णालय. वीस-पंचवीस वर्षांचा, कालपर्यंत धडधाकट असलेला तरुण ऑक्सिजनवर असतो आणि त्याच्या एक्स-रेमध्ये काळ्या फुफ्फुसांच्या जागी पांढरा कापूस दिसतो.

धूर आणि दम यांच्यामधला हा काळ चार तासांपासून चोवीस तासांपर्यंत, क्वचित त्याहून जास्त असू शकतो. या काळात रुग्ण बोलतो, चालतो, त्याचा एक्स-रेही स्वच्छ येऊ शकतो. म्हणून तो घरी जाऊ पाहतो. माझ्या मते या आजारातला सगळ्यात घातक भाग हा ‘बरे वाटण्याचा’ काळ आहे.

वैद्यकशास्त्राला हा धडा फार मोठी किंमत देऊन मिळाला. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये एक्स-रे फिल्म साठवलेल्या खोलीत आग लागली. त्या काळच्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या असत. त्या जळून निघालेल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडनी आणि कार्बन मोनॉक्साइडने १२३ माणसे गेली. त्यांतली काही माणसे इमारतीतून सुखरूप बाहेर पडली होती आणि नंतर दगावली.

या आजाराची दुसरी लाटही असते. पहिल्या संकटातून वाचलेल्या काही रुग्णांना दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, खोकला, दम सुरू होतो. या वेळी बारीक श्वासनलिका आतून सुजून बुजू लागतात. हा दम कित्येकदा न्यूमोनिया किंवा क्षयरोग समजून हाताळला जातो, कारण तोपर्यंत रुग्ण गावी गेलेला असतो आणि महिन्यापूर्वीच्या धुराबद्दल कुणी विचारत नाही. योग्य वेळी ओळखले तर स्टिरॉइड औषधांचा उपयोग होऊ शकतो.

बाकीचे हिणकस

कॅडमियमची गोष्ट आपल्याच शुद्धतेच्या हौसेतून आली आहे. पूर्वी डाकात तांबे बरेच असे, त्यामुळे दागिना मोडला की सोन्याचा कस उतरे. ग्राहकाची तक्रार नको म्हणून ९२ भाग सोने आणि ८ भाग कॅडमियम असा डाक आला. दागिन्यांच्या पाट्यांवर दिसणारे ‘केडीएम’ ते हेच. सोन्याचा कस राखला गेला, कारण जोडताना कॅडमियम उडून जाते. उडून जाते ते कारागिराच्या नाकात. त्याच्या धुराने फुफ्फुसाला वरच्यासारखीच उशिरा प्रकटणारी इजा होते. थोडे थोडे वर्षानुवर्षे गेले तर ते मूत्रपिंडात साठते आणि निम्मे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, हाडे ठिसूळ होतात. ‘केडीएम’ ही शुद्धतेची सरकारी खूण नाही, हे ग्राहकांनीही लक्षात घ्यायला हवे.

पारा येतो तो कचऱ्यातून. सोनाराच्या पेढीतली राख, केर, गटारातला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. धुतलेल्या गाळात पारा घोळवला की तो सोन्याचे कण आपल्यात ओढून घेतो. मग तो गोळा तापवला की पारा ३५७ अंशांना उकळून उडतो, सोने राहते. घरच्या चुलीवर हे केले तर उडालेला पारा घरातच राहतो, भिंतीवर, अंथरुणावर, मुलांच्या श्वासात. हात थरथरणे, हिरड्या सुजणे, चिडचिड, विसराळूपणा ही त्याची लक्षणे सावकाश उमटतात.

शिसे चांदी गाळताना आणि तपासणीच्या भट्टीत वापरले जाते. त्याची सूक्ष्म धूळ कपड्यांवर बसून घरी येते. मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची कोणतीच पातळी सुरक्षित मानली जात नाही.

म्हणजे पाटलीतून वजा झालेले सगळे कुठे ना कुठे पोहोचले. काही पुन्हा वापरात आले, काही मोरीतून गेले, काही चिमणीतून गेले, आणि काही माणसांच्या शरीरात राहिले.

मोठा कारखाना काय वेगळे करतो

सोने शुद्ध करण्याच्या आणखीही पद्धती आहेत. १८६७ साली सिडनीच्या टांकसाळीत फ्रान्सिस मिलर यांनी वितळलेल्या सोन्यातून क्लोरीन सोडण्याची पद्धत आणली. क्लोरीन आधी बाकीच्या धातूंना धरतो, सोने जवळपास ९९.५ टक्के होते. पुढे हॅम्बर्गच्या एमिल वोलविल यांनी विजेच्या प्रवाहाने सोने ९९.९९ टक्क्यांपर्यंत नेले. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या एकास तीन मिश्रणाला अम्लराज म्हणतात. त्यात खुद्द सोनेच विरघळते. दारावर येऊन ‘दागिन्यांना पॉलिश करून देतो’ म्हणणारे भामटे हेच वापरतात. बांगडी चकचकीत होऊन हातात येते, पण तिचे थोडे सोने त्यांच्या वाटीत राहिलेले असते.

मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांतही वायू तेच आणि आम्लेही तीच. फरक असतो तो बंद भांड्यांचा आणि धूर धुण्याच्या यंत्रणेचा. भांड्यावर झाकण, त्याला जोडलेली नळी, पंख्याने ओढलेला धूर, आणि तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या फवाऱ्यांतून अनेक टप्प्यांनी धुऊन मगच बाहेर. साध्या पाण्याने भागत नाही, कारण हा वायू पाण्यात सहज विरघळत नाही. ज्या गुणामुळे तो फुफ्फुसाला फसवतो, त्याच गुणामुळे तो चिमणीलाही दाद देत नाही.

मुंबईच्या प्रदूषणाची चर्चा तापल्यावर २०२४ च्या सुरुवातीला महापालिकेने काळबादेवीच्या धनजी स्ट्रीट भागातल्या सोने-चांदी गाळणाऱ्या कारखान्यांच्या काही चिमण्या काढल्या. शेजाऱ्यांच्या श्वासाचा विचार झाला हे योग्यच. पण चिमणी काढली आणि काम खोलीत चालूच राहिले, तर धूर आत काम करणाऱ्याच्या वाट्याला जातो. सामाईक, धूर धुण्याची सोय असलेल्या जागा हाच त्यावरचा टिकाऊ उपाय वाटतो.

नायट्रसच्या धुराची बाधा १९४८ च्या कारखाना कायद्यातच कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत होती. अशी बाधा आढळली तर डॉक्टरने सरकारला कळवायचे असते. पण पाच-सहा माणसांची खोली कायद्याच्या व्याख्येत कारखाना ठरतच नाही. त्यामुळे हे रुग्ण कागदावर क्वचितच उमटतात.

काय करावे

गलाईचे किंवा आम्लाचे काम करणाऱ्यांसाठी, त्यांच्या मालकांसाठी आणि घरच्यांसाठी काही साध्या गोष्टी:

तपकिरी धूर कोंडला आणि तो श्वासात गेला, तर बरे वाटत असले तरी रुग्णालयात जा. निदान चोवीस तास देखरेखीखाली राहा. त्या काळात जिने चढणे, ओझे उचलणे टाळा, कारण श्रमाने दम लवकर येतो.

डॉक्टरांना ‘अ‍ॅसिड’ एवढेच सांगू नका. ‘नायट्रिकचा धूर, अमुक वाजता, एवढा वेळ’ असे सांगा. या तीन गोष्टींनी उपचार बदलतो.

दूध आणि गूळ पोटात जातात, धूर फुफ्फुसात गेलेला असतो. त्यांची गाठ पडत नाही. खायला हरकत नाही, पण त्याला औषध समजून वेळ घालवू नका.

कापडी रुमाल, साधा मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतात, वायू अडवत नाहीत. खरा बचाव म्हणजे झाकलेले भांडे आणि धूर भांड्यापासूनच बाहेर ओढणारा पंखा. पंखा बंद असेल तर आम्लाचे काम बंद. आम्ल थोडे थोडे घाला. ज्या खोलीत आम्ल उकळले तिथे त्या रात्री झोपू नका. हा वायू हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो.

अंगावर आम्ल पडले तर कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धुवा. वर खाण्याचा सोडा किंवा चुना लावू नका. पोटात गेले असेल तर ओकारी काढू नका.

एकदा मोठी बाधा होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांत ताप, खोकला, दम आला तर जुने कागद घेऊन परत या. गावी गेला असाल तर तिथल्या डॉक्टरांना ते कागद दाखवा.

वर्षातून एकदा फुफ्फुसाची फुंकर चाचणी आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून घ्या. शिशाचे काम असेल तर रक्तातले शिसेही तपासा. कामाचे कपडे घरी नेऊ नका.

आणि ग्राहकांसाठी एक विनंती. जुने सोने देताना आपण घटीवरून हुज्जत घालतो, ती जरूर घाला, पैसा कष्टाचा असतो. त्याच बैठकीत सराफाला आणखी दोन प्रश्न विचारा: तुमच्या डाकात कॅडमियम आहे का? आणि हे सोने गाळायला कुठे पाठवता, तिथे धूर धुण्याची सोय आहे का? पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. पण दहा ग्राहकांनी विचारले की सराफ पुढच्याला विचारतो.